दुपारी घरात कोण होतं

१

बाळ सात महिन्यांचं होतं. त्याला अजून रांगता येत नव्हतं, आणि म्हणूनच डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं.

"चालणारं मूल पडतं, रांगणारं कुठंतरी आपटतं," एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरत त्या म्हणाल्या. "हे बाळ जिथं ठेवाल तिथंच राहतं. मग मांडीचं हाड मोडलं कसं?"

हाड आडवं मोडलं नव्हतं. पिळलेल्या फडक्यासारखी तिरकी रेघ खालपर्यंत गेली होती. डाव्या पायाची.

"कुणी पिरगळला असेल?"

"असेल. किंवा पाय कशात तरी अडकला आणि अंग फिरलं. हाड तेवढंच सांगतं, हात कुणाचा ते सांगत नाही. सूज बघता दुपारचं असावं. आणलं मात्र संध्याकाळी सहाला. आणखी एक. पायाला डोकेदुखीचा बाम चोळलेला होता. थापलेलाच म्हणा ना."

मी बालसंरक्षण कार्यालयात चौकशीचं काम करायचे. तेव्हा त्या कामात मला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मोडलेली हाडं पुष्कळ पाहिली, पण मोडून वर बाम लावणारं कुणी पाहिलं नव्हतं.

बाहेर बाकावर आईवडील बसले होते. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. हाडकुळा माणूस, नखांत ग्रीस. आई दवाखान्यांच्या चादरी शिवणाऱ्या कारखान्यात होती, तिच्या बाहीवर अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. दोघांच्या मध्ये बाळाची पिशवी मांडीवर घेऊन आठ वर्षांची मुलगी बसली होती.

"ही मोठी," आई म्हणाली. बाळ झाल्यापासून घरात आणि शेजारीपाजारी सगळे तिला मोठीच म्हणत.

"दिवसभर बाळ कुणापाशी असतं?"

"नणंदेपाशी. आमच्याकडेच राहतात त्या. फार जीव आहे त्यांचा बाळावर."

"पायाला बाम कुणी लावला?"

नवराबायको एकमेकांकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात नर्सनं दारातून कोरडा लंगोट मागितला. आई पिशवीकडे वळेपर्यंत मोठीनं तो काढून, झटकून, घडी सोडून नर्सच्या हातात दिलासुद्धा.

मी ते पाहिलं. शहाणी मुलगी, एवढंच मनात आलं.

२

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी इन्स्पेक्टर माझ्या कार्यालयात येऊन बसले. तरुण होते, स्वभावानं सरळ, पण घाईचे.

आमच्याकडे एक छापील तक्ता असतो. घरात मुलाला धोका आहे का, हे जोखायला. त्यात खुणा करायच्या. आईवडिलांपैकी कुणाचं काम सुटलंय का? कुणाला लहानपणी मार बसलाय का? संताप आवरत नाही असं कुणी आहे का? घरात दीर्घ आजार? बाळंतपणानंतर आईची उदासी? मदतीला येणारं माणूस आहे का?

"वडिलांची पक्की नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली," इन्स्पेक्टर बोटांवर मोजत म्हणाले. "आता बोलावणं आलं की काम. लहानपणी बापाचा पट्टा खाल्लाय. गेल्या महिन्यात रागाच्या भरात घराचं दार फोडलंय. बाई, तुमचा तक्ता तर एकट्या त्यांच्यावरच भरला."

"आईवरही भरतोय," मी म्हणाले. "बाळ महिन्याचं असताना ती नर्सला म्हणाली होती, हे मूल मला नको होतं."

"मग दोघांतलं एक. आत्या तर गरीब गाय आहे म्हणतात."

मी जुन्या नोंदी काढल्या. या घराबद्दल एकच कागद होता, दोन महिन्यांपूर्वीचा. शाळेनं पाठवलेला. आपली विद्यार्थिनी मधल्या सुट्टीनंतर आठवड्यातून तीन-चार दिवस वर्गात नसते, कृपया चौकशी व्हावी. खाली माझीच अक्षरं होती: आईशी फोनवर बोलले. मुलीला पोटदुखी, औषध चालू. प्रकरण बंद.

त्या आठवड्यात माझ्याकडे सत्तावीस प्रकरणं होती. मी तो कागद परत घातला आणि त्यांच्या घराकडे निघाले.

३

दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. दार आत्यानं उघडलं आणि लगेच पलंगावर जाऊन बसली, जणू दारापर्यंत येण्यातच तिची दिवसभराची ताकद संपली होती. पंचेचाळिशीची असेल. केस आठवडाभर विंचरले नसावेत. खिडकीवर चादर टाकून उजेड अडवला होता.

"काल दुपारी बाळ कुठं होतं?"

"माझ्यापाशी." आवाज घोगरा, इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"पूर्ण दिवस?"

"हो."

"पायाला लागलं ते कळलं नाही?"

"रडत होतं," ती म्हणाली. "मग थांबलं."

तिच्या उशाशी बामची बाटली होती. मी ती उचलली. जवळजवळ रिकामी.

"हा तुम्ही बाळाला लावलात?"

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नाही. खोटं बोलणारा माणूस नाही म्हणताना काहीतरी सांगत बसतो. हिनं काहीच सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात दुधाच्या डब्याला एक चिठ्ठी चिकटवली होती. पेन्सिलीनं, रेषेवर बसवलेल्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: बारा, दोन चमचे. अडीच, तीन चमचे. ओट्यापुढं एक बुटकं स्टूल होतं. बाळाची खाट आतल्या खोलीत होती, लाकडी, चारी बाजूंनी गजांची, कुणाकडून तरी वापरलेली आणलेली. एका बाजूच्या दोन गजांमधली फट इतरांपेक्षा मोठी होती. तिथून माझी मूठ आरपार गेली.

खाली शिंप्याचं दुकान होतं. म्हातारे गृहस्थ, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय.

"काल दुपारी? बारा-साडेबारा असेल. बाळ एकदम किंचाळलं वरती. मशीन थांबवलं मी. मग बाईमाणसाचा आवाज आला. झालं, झालं, काही नाही झालं. असं किती वेळ तरी चाललं होतं."

"ओरडत होत्या?"

"छे हो. समजावत होत्या. चांगला स्पष्ट आवाज. मला वाटलं, आहे कुणीतरी बाळाजवळ, आता काळजी नको." त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या. "वर जायला हवं होतं का मी?"

मी वेळ वहीत लिहून घेतली. आत्याचा आवाज पलंगापासून दारापर्यंत पोचत नव्हता. तो खालच्या मजल्यावर, मशीनच्या खडखडाटात, स्पष्ट कसा ऐकू गेला असेल?

म्हणजे दुपारी घरात दुसरी एक बाई होती.

४

मी आईच्या कारखान्यात गेले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, आत गेलं की फाटक बंद. मुकादम बाईनं हजेरी दाखवली आणि वर सांगितलं, "काल दुपारी ती माझ्या समोरच्याच मशीनवर होती. डबासुद्धा तिथंच खाल्ला." आई सुटली.

तेवढ्यात इन्स्पेक्टरांचा फोन आला. "या बाई. बापानं कबूल केलंय."

वडील ठाण्यात खुर्चीच्या टोकावर बसले होते. "दुपारी घरी आलो होतो," ते पाठ केल्यासारखं म्हणाले. "बाळ रडत होतं. डोकं फिरलं. मारलं मी."

"कशानं?"

"हातानं. मग पलंगावर आपटलं."

बाळाच्या अंगावर एकही वळ नव्हता. मी त्यांच्यासमोर बसले. "आणि मग पायाला काय लावलंत?"

"काय लावणार? काही नाही."

"काहीतरी लावलेलं होतं."

ते गोंधळले. मी इन्स्पेक्टरांना काल यांचं काम कुठं होतं ते विचारायला सांगितलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. अकरा ते तीन हा माणूस एका सातमजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला होता, आणि वर दोन माणसं दिवा धरून उभी होती.

"खोटं का बोललात?"

ते बोलायला लागले तेव्हा इन्स्पेक्टर लिहायचं थांबले.

"आमचा बाप प्यायला की पट्टा काढायचा. अक्का मला कपाटात घालायची आणि दाराला पाठ लावून उभी राहायची. मी आतून मोजायचो. कधी दहा, कधी वीस. एकही मला लागला नाही, सगळे तिच्या पाठीवर. मी तुम्हाला सांगितलं ना, मार खाल्ला म्हणून? मी नाही खाल्ला. तिनं खाल्ला. तिच्याकडून काही झालं असेल तर ते माझ्या नावावर लिहा. तेवढं तरी करू द्या."

"तिनं केलं असं तुम्हाला वाटतं?"

"घरात दुसरं होतं कोण?"

५

दीडच्या सुमाराला आई बाळाला नर्सवर सोपवून दवाखान्यातून माझ्या कार्यालयात आली. नवऱ्यानं कबुली दिली हे कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती खुर्चीत बसली आणि मग मात्र पडूनच गेल्यासारखी टेकली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दार फोडलं त्या दिवशीपासून भीती होती. पण दिसलं काही नव्हतं, मग बोलणार काय?"

"त्यांनी केलेलं नाही," मी म्हणाले. "ते दुपारी कामावरच होते."

तिला ते समजायला वेळ लागला. मग ती रडायला लागली. नवरा सुटला म्हणून रडत होती की इतके दिवस त्याच्यावर संशय घेतला म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

"नणंदबाईंना काय होतं?" मी विचारलं.

"थकतात. मधून मधून असं होतं त्यांना. मागे एकदा सहा महिने उठल्या नव्हत्या, तेव्हा हे म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर दवाखान्यातच ठेवावं लागेल. पण आता बऱ्या आहेत. बाळाचं सगळं वेळच्या वेळी होतं. मी येते तेव्हा बाटल्या धुतलेल्या, कपडे वाळत घातलेले."

"तुम्ही येता तेव्हा त्या काय करत असतात?"

"पडलेल्या असतात. दिवसभर बाळ सांभाळून दमणारच ना."

मला आत्याला पुन्हा भेटायचं होतं. त्यांच्या घरात एक साधा मोबाइल ठेवलेला असे, त्याचा नंबर शाळेच्या पत्रावरच होता. मी तो लावला. दोनदा वाजला, आणि उचलला गेला.

"हो, बोला," एक ठाम, जरा दमलेला बाईचा आवाज म्हणाला. "मी मोठीची आई बोलतेय. आज तिच्या पोटात दुखतंय. ती शाळेत येणार नाही."

दोन महिन्यांपूर्वी मी ज्या बाईशी बोलले होते, तिचाच आवाज.

मोठीची आई माझ्यासमोर बसून पदरानं डोळे पुसत होती.

६

दार या वेळी मोठीनं उघडलं. अंगात शाळेचा गणवेश होता, मधल्या सुट्टीत निघून आली होती. बाळ दवाखान्यात असूनही आली होती, कारण आत्याला कोण बघणार. तिची आई जिन्यातच थांबली. मीच तिला थोडं थांबायला सांगितलं होतं.

मोठी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. पेल्याखाली ताटली धरून.

मी जमिनीवर बसले. "चिठ्ठीवरचं अक्षर तुझं आहे?"

"हो. चमचे विसरायला होतात."

"तू रोज येतेस का दुपारची?"

"रोज नाही. आत्या उठली असली की नाही येत. सकाळी जाताना बघते. तिनं चहा घेतला असेल तर मी चारपर्यंत थांबते शाळेत." तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "तुम्ही बाबांना सांगणार आहात का? सांगू नका. तिला दवाखान्यात ठेवतील."

"फोनवर आई होऊन तूच बोलतेस."

ती हळूच म्हणाली, "आईचा आवाज सोपा आहे. दमल्यासारखं बोलायचं."

मला तेव्हा पुढचं विचारावंसं वाटेना. पण विचारावं लागलं. काल काय झालं, एवढंच म्हणाले.

ती उठली आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली. गज तिच्या छातीपर्यंत येत होते.

"तो रडत होता. बाटली तयार होती. मी स्टुलावर चढले आणि त्याला असा काखेत धरून उचलला. तो वळवळला. मी पण वळले, मला पडायला झालं म्हणून. मी त्याला उचललं, पण त्याचा पाय मागंच राहिला."

तिनं त्या दोन गजांमधल्या फटीवर हात ठेवला.

"आवाज आला. मला वाटलं खाट मोडली."

"मग?"

"मग बाम लावला. आत्याला लावते तसा. तिला बरं वाटतं त्यानं. त्याला नाही वाटलं." ती रडत नव्हती. डॉक्टरला आजाऱ्याची हकिकत सांगावी तशी सांगत होती. "दूध थोडंच प्यायला. मी पाढे म्हणून दाखवले. पाढ्यांनी झोपतो तो. तेरापर्यंत येतात मला. मग आई आली, तर म्हणाली, हा असा का रडतोय. मला सांगता आलं नाही."

आतल्या खोलीतून पलंग करकरला. आत्या दारात उभी होती, चौकटीला धरून.

"मला ऐकू यायचं," ती म्हणाली. "रोज सगळं ऐकू यायचं. ही आली, दार उघडलं, स्टूल ओढलं. मी मनात म्हणायची, आता ऊठ. ऊठ. अंगच उठायचं नाही. काल तो किंचाळला तेव्हा मी एक पाय खाली टेकवला. तेवढाच."

ती खाली बसली, उंबऱ्यातच. मोठी उठली, तिच्या पाठीमागे उशी सरकवली, आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसली.

मी जिन्यातून तिच्या आईला आत बोलावलं.

७

संध्याकाळी इन्स्पेक्टर आले. सगळं ऐकून घेतलं. टोपी हातात फिरवत राहिले.

"गुन्हा कुणावर लावू, बाई?"

मी तक्ता काढला. वडिलांच्या नावापुढच्या सगळ्या खुणा बरोबर होत्या. नोकरी गेली होती, राग होता, मारहाणीत गेलेलं लहानपण होतं. आईच्याही बरोबर होत्या. चुकला होता तो आमचा हिशेब. कुणी केलं असेल, हे आम्ही त्या खुणांवरून शोधत होतो. त्या खुणा एवढंच सांगत होत्या की या घरात सगळेच बुडत आहेत, कुणीतरी लवकर जा. आणि ज्या दिवशी जायला हवं होतं, त्या दिवशी मी फोन केला होता.

मोठीच्या नावापुढं मी काहीच खूण केली नव्हती. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

अहवालात मी दोन महिन्यांपूर्वीची नोंद जशीच्या तशी उतरवली. खाली लिहिलं, या मुलीची हेळसांड तेव्हाच कळण्याजोगी होती, घरी प्रत्यक्ष न जाता प्रकरण बंद करणारी अधिकारी मीच. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हे वाक्य ठेवायलाच हवं का? मी म्हणाले, ठेवायला हवं. त्यावर मला लेखी ताकीद मिळाली. ती कमीच होती.

कुणी तुरुंगात गेलं नाही. मुलांना घरातून हलवावं लागलं नाही, याचं कारण त्यांच्या आईवडिलांनी त्या दिवसानंतर एकही गोष्ट लपवली नाही. बाळाला कारखान्याजवळच्या पाळणाघरात जागा मिळाली. वडील दर बुधवारी एका समुपदेशकाकडे जायला लागले. पहिले चार बुधवार नुसते बसून आले म्हणे. शाळेत हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत फाटकाशी माणूस ठेवला आणि माझ्याशी बोलताना दोनदा नजर चुकवली. मीही चुकवली.

आत्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. गाडी आली तेव्हा वडील तिच्या शेजारी बसले आणि मोठी जिन्यात उभी राहिली. "मी सांगितलं म्हणून नेतायत ना?" तिनं मला विचारलं. मी तिला समजावलं, आजारी माणसाला बरं करायला नेतात, तू सांगितलंस हे चांगलं केलंस. तिनं नीट ऐकून घेतलं. माझं मन राखायला मानही डोलावली. तिला पटलं नव्हतं.

आत्या पाच महिन्यांनी गेली. झोपेतच, म्हणाले डॉक्टर, हृदय थकलं होतं. मोठीला ते कुणी कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी तिथं नव्हते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी भेटीसाठी गेले. सकाळची वेळ, शाळेची गडबड. दाराशी पोचले तर आतून आरडाओरडा ऐकू आला. दार अर्धवट उघडं होतं.

मोठी जमिनीवर बसली होती, पाय पसरून, एका पायात मोजा, दुसरा भिरकावलेला. ती ओरडून रडत होती. मोजा टोचतो. दुसराही टोचतो. शाळेत जायचं नाही. डबा नको. वेणी घट्ट झाली. चेहरा लाल, नाक वाहत होतं, आणि प्रत्येक वाक्याबरोबर टाच आपटत होती. आतून बाळही रडायला लागलं.

आईचा हात वर गेला. तो हात क्षणभर तसाच राहिला, मग तिनं तो आपल्याच तोंडावरून फिरवला आणि ती कारखान्याच्या कपड्यांनिशी मुलीशेजारी फरशीवर बसली.

"बाळ रडतोय," मोठी हुंदके देत म्हणाली आणि उठायला लागली.

"रडू दे," आई म्हणाली. "त्याला बाबा घेतील. तू तुझं रडून घे."

वडील हातातला पेला ठेवून आत गेले. मोठीनं आईकडे पाहिलं, खरंच का, अशा नजरेनं. मग तिनं आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि पुन्हा मोठ्यानं रडायला लागली. या वेळी त्यात मोजा नव्हता, शाळा नव्हती. मध्येच एकदा तिनं आत्याला मारलेली हाक ऐकू आली.

मी दार हळूच लोटलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. तिची शाळेची वेळ टळून गेली, तिच्या आईची कामाची वेळ टळून गेली. आत कुणीही तिला गप्प बस म्हणालं नाही.